दोघांच्या को-ऑप शूटरमध्ये जोडणी सारखी तुटते: दोष कुणाच्या घरात आहे, ते कसं शोधायचं

दोघांनी मिळून खेळायच्या शूटरमध्ये जोडणी तुटली की खेळ तिथेच थांबतो. चौघांच्या टीममधून एक गेला तर बाकीचे सांभाळून घेतात, इथे निम्मी फौज गायब होते. मग जो बाहेर फेकला गेला त्याच्या नेटवर खापर फुटतं. तो राउटर बदलतो, जास्त स्पीडचा प्लॅन घेतो, आणि बिघाड बऱ्याचदा दुसऱ्याच टोकाला असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

असं होतं कारण अशा बऱ्याच गेममध्ये वेगळा सर्व्हर नसतो. दोघांपैकी एकाचं मशीन होस्ट असतं. शत्रू कुठे उभा आहे, गोळी लागली की हुकली, दार उघडलं का, हे सगळं तेच ठरवतं आणि दुसऱ्याला कळवतं. मधला दुवा तुटला की होस्टकडे खेळ चालू राहतो आणि पाहुणा मेन्यूत येऊन पडतो. दोष कुणाकडेही असो, पडणार पाहुणाच. म्हणून 'कोण पडला' यावरून 'कुणाचं बिघडलंय' हे कळत नाही. ते कळण्याचा रस्ता वेगळा आहे, आणि तो फुकट आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

'गेम चालत नाही' यात किमान सहा वेगवेगळे आजार लपलेले असतात. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

- आमंत्रण पोचतं, पण जॉइन करताना चक्र फिरत राहतं आणि शेवटी एरर येते. संशय: दोघांची व्हर्जन वेगळी, फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) किंवा नॅट (घरातली सगळी मशीन बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवण्याची राउटरची पद्धत).
- जॉइन होतं, मस्त चालतं, आणि ठरावीक वेळाने तुटतं. संशय: वाय-फाय, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारा प्रोग्राम) किंवा राउटर.
- लेव्हल बदलताना, लोडिंगच्या पडद्यावरच तुटतं. संशय: एकाचं मशीन फार हळू लोड करतंय, किंवा दोघांच्या फाइल जुळत नाहीत.
- तुटत नाही, पण शत्रू उड्या मारत सरकतात, आपण पुढे जाऊन परत मागे खेचले जातो, गोळ्या लागत नाहीत. संशय: होस्टचा अपलोड भरलाय, वाय-फाय, किंवा होस्टचं मशीन दमलंय.
- मित्राचा आवाज स्वच्छ येतो, गेम मात्र जोडला जात नाही. यावरून 'नेट तर ठीक आहे' असा निष्कर्ष काढू नका. व्हॉइस चॅट बहुधा कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातं, गेम मात्र एका घरातून थेट दुसऱ्या घरात जायला बघतो. दोन्ही रस्ते वेगळे.
- गेमच बंद पडतो, डेस्कटॉप दिसतो किंवा मशीन रीस्टार्ट होतं. हा नेटचा आजार नाही. थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा.

एक कागद घ्या आणि तीन बैठकांची नोंद ठेवा: तुटल्याची वेळ, होस्ट कोण होतं, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी तुटलं, पडद्यावरचा एरर कोड. कंटाळवाणं आहे, पण 'मधूनमधून तुटतं' या वाक्यातून काहीच निघत नाही. 'दर वेळी दहा-बारा मिनिटांनी, आणि फक्त याने होस्ट केल्यावर' यातून जवळजवळ सगळंच निघतं.

दोन मिनिटांच्या, फुकटच्या तपासण्या

गेमच्या अधिकृत पानावर सर्व्हर चालू आहेत का ते बघा. खेळ थेट दोन घरांमध्ये चालला तरी आमंत्रण, मित्रयादी आणि लॉगिन कंपनीच्या सर्व्हरवरूनच होतात. ते बंद असतील तर घरात काहीही करून उपयोग नाही. जुना गेम असेल तर त्याची जोडणी-सेवा अजून जिवंत आहे का, हेही बघा. गेमस्पाय ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी गेमचं ऑनलाइन खेळणं एका दिवसात थांबलं. काही गेम नंतर दुसऱ्या सेवेवर हलवले गेले, काही कायमचे गेले.

मग दोघांनी मेन्यूतला व्हर्जन क्रमांक एकमेकांना वाचून दाखवा. 'अपडेट आहे' हे तोंडी उत्तर चालत नाही. एकाने रात्रभर गेम उघडा ठेवला असेल तर अपडेट उतरलेलंच नसतं. मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेले बदल) वापरत असाल तर दोघांनी ते सगळे काढून एकदा खेळून बघा. एका बाजूला शस्त्राचा एखादा मॉड असतो, दुसऱ्या बाजूला नसतो, आणि गेम नेमका ते शस्त्र जमिनीवर पडतं त्या क्षणी तुटतो. एक जण पीसीवर आणि दुसरा कन्सोलवर असेल तर क्रॉसप्ले (वेगवेगळ्या प्रकारच्या मशीनवरून एकत्र खेळण्याची सोय) दोन्हीकडे चालू हवा. कन्सोलवर विकतच्या गेमसाठी ऑनलाइन सदस्यत्वही लागतं, आणि त्याची मुदत संपल्यावर येणारी एरर पुष्कळदा नेटच्या एररसारखीच दिसते.

घड्याळही बघा. मशीनची तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित लॉगिन नाकारलं जातं. सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा.

त्यानंतर रीस्टार्ट, पण क्रमाने. आधी फायबरचा किंवा मोडेमचा डबा, मग राउटर, मग मशीन. प्रत्येक गोष्ट ३० सेकंद बंद ठेवा, आणि डब्याचे दिवे स्थिर होईपर्यंत राउटर चालू करू नका. राउटर कोणता पत्ता कुठल्या मशीनकडे न्यायचा याची एक यादी ठेवतो. ती भरली किंवा तिच्यात शिळ्या नोंदी उरल्या की नव्या जोडण्या अडतात. कन्सोल झोपेच्या मोडमध्ये नाही, पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' निवडा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि जुना घोळ तसाच परत उठतो. रीस्टार्टने दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर तो इलाज झाला नाही. पण संशय राउटरवर ठेवायला चांगलं कारण मिळालं.

होस्ट बदला

सगळ्यात जास्त माहिती देणारी तपासणी हीच, आणि लोक हीच टाळतात, कारण सेव्ह एकाच्याच नावावर असते. नवी सेव्ह सुरू करा, पहिलीच लेव्हल खेळा, अर्धा तास पुरेल.

पहिल्याने होस्ट केल्यावर तुटतं आणि दुसऱ्याने केल्यावर तुटत नाही, तर दोष पहिल्याच्या टोकाला: त्याचा अपलोड, त्याचं नॅट किंवा त्याचं मशीन. कारण होस्टला सगळं जग बाहेर पाठवावं लागतं आणि येणारी जोडणी आत घ्यावी लागते. पाहुण्याला फक्त आपल्या हालचाली पाठवायच्या असतात, आणि दार तोच ठोठावतो.

दोन्ही प्रकारे तुटतं? मग तिसऱ्याला बोलवा. प्रत्येकाने त्याच तिसऱ्याबरोबर वेगवेगळं अर्धा तास खेळायचं. ज्याचं तिसऱ्याबरोबरही तुटतं, त्याच्या घरापासून तपास सुरू. दोघांचंही तिसऱ्याबरोबर नीट चाललं, तर दोघांच्या नॅटचं एकमेकांशी जमत नाही किंवा दोन नेट कंपन्यांमधला रस्ता खराब आहे.

तिसरा कुणी मिळत नसेल तर एकाने फोनच्या हॉटस्पॉटवरून खेळून बघावं. असा गेम तासाला साधारण शंभर-दोनशे एमबीच्या आतच खातो. डेटा संपवतात ती अपडेट, तेव्हा ती आधी थांबवा. हॉटस्पॉटवर तुटणं थांबलं तर त्याच्या घरातला राउटर किंवा लाइन दोषी. एक सावधगिरी: हॉटस्पॉटवर असलेल्याला होस्ट करू नका. मोबाइल नेटवर्कमध्ये बाहेरून आत येणारी जोडणी बहुधा अडवलेलीच असते, आणि तुम्ही उगाच नवा बिघाड शोधत बसाल.

होस्ट बदलून काहीच फरक पडत नसेल तर हेही तपासा की गेम खरंच घरच्या होस्टवर चालतो का. खेळ चालू असताना पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद, दाखवणारा आकडा बघा. होस्टचा स्वतःचा आकडा शून्य असेल तर होस्ट घरातच आहे. दोघांचेही आकडे ३०, ४०, ६० असे दिसत असतील तर मधे कंपनीचा सर्व्हर आहे. मग दोघांनी सेटिंगमध्ये एकच रीजन निवडा, आणि नॅटचा पुढचा भाग मनावर घेऊ नका.

घरातली हवा की बाहेरची लाइन: दोन पिंग

दोषी घर सापडलं की त्या घरात ही तपासणी करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत आपल्याच राउटरला सतत पिंग लावा: 'पिंग', मग जागा, मग वजा चिन्ह आणि टी हे अक्षर, मग जागा आणि राउटरचा पत्ता. हा पत्ता बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. 'आयपीकॉन्फिग' लिहिलंत तर डिफॉल्ट गेटवे म्हणून खरा दिसेल. दुसऱ्या खिडकीत तसंच ८.८.८.८ ला. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायचं. दोन्ही चालू ठेवून गेम खेळा, आणि तुटलं की लगेच दोन्हीकडे कंट्रोल आणि सी दाबा. किती पाकिटं (नेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे) हरवली आणि सर्वांत जास्त वेळ किती लागला, याचा हिशोब समोर येतो.

वाचायचं असं. केबलवर राउटरचं उत्तर एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळात यायला हवं, वाय-फायवर दोन ते पाच, क्वचित दहा. दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी आकडा २०० वर उडाला तर दोष घरातल्या हवेत. राउटरची खिडकी शांत आणि फक्त बाहेरची उसळतेय, तर दोष लाइनमध्ये किंवा अपलोडमध्ये. दोन्ही शांत असताना गेम तुटला, तर हवा आणि लाइन दोन्ही सोडा आणि मशीन, फायरवॉल, नॅट यांच्याकडे वळा.

नुसत्या सरासरीवर जाऊ नका. सरासरी ४० आणि मधूनच ४००, यापेक्षा कायम ९० असलेली लाइन खेळायला बरी. स्थिर उशिराची सवय होते, उसळ्यांची होत नाही. हरवलेली पाकिटं एक टक्क्याच्या वर गेली की शूटरमध्ये जाणवायला लागतात.

वाय-फाय दोषी निघालं तर पहिला इलाज केबल. घरभर कायमची टाकायची गरज नाही, एका संध्याकाळसाठी जमिनीवरून ओढा. कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत. लावल्यावर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. दोन्हीकडची पोर्ट एक गिगाबिटची असून वेग १०० मेगाबिट दिसत असेल तर केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. खेळ त्यावरही चालेल, पण अशी केबल पुढे दगा देते.

केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर या. २.४ गिगाहर्ट्झवर मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर सगळेच गर्दी करतात. यूएसबी ३ च्या पोर्टमधून निघणारा गोंगाटही त्याच पट्ट्यात येतो, म्हणून वाय-फायचा डाँगल बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी खोचू नका, छोट्या एक्स्टेन्शनवर लांब घ्या. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवरही एक छुपा सापळा आहे. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला तो चॅनेल सोडावा लागतो, आणि त्या क्षणी तुमची जोडणी गेली. विमानतळ किंवा हवामान केंद्र जवळ असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने निवडा.

अपलोड भरणं

हे लक्षण फसवं आहे, कारण स्पीड टेस्ट उत्तम येते. गेमला स्पीड फारच थोडी लागते, वेळेवर पोचणं लागतं. होस्टच्या घरात कुणाच्या तरी फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की राउटर बाहेर जाणारी पाकिटं रांगेत उभी करतो. गेमचं पाकीट त्या रांगेच्या शेवटी. पिंग ३० वरून ५०० वर जातो, पाकीट एकही हरवत नाही, आणि पाहुण्याला शत्रू उड्या मारताना दिसतात.

तपास सोपा. बाहेरची पिंग खिडकी चालू ठेवा आणि कुठेतरी मोठी फाइल अपलोड करायला लावा. आकडा ३०-४० ने वाढला तर सोडून द्या. शेकड्यांनी वाढला तर सापडला. लगेचचा इलाज म्हणजे खेळताना बॅकअप, क्लाउड सिंक आणि स्ट्रीमिंग बंद. कायमचा इलाज म्हणजे राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू अशा नावाची सोय असेल तर ती चालू करणं. तिथे अपलोड आणि डाउनलोडचे आकडे लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के भरा. वेग मुद्दाम थोडा कमी ठेवायचा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि राउटर ती नीट लावतो. पूर्ण १०० टक्के भरलं तर रांग पुढच्या डब्यात जाते आणि सगळी मेहनत फुकट.

जाता जाता: डीएनएस बदलून खेळातला पिंग कमी होत नाही. डीएनएस नाव विचारण्यापुरता असतो, खेळ सुरू झाल्यावर त्याचं काम उरत नाही. रजिस्ट्रीत टीसीपीची सेटिंग बदलणारे 'गेम बूस्टर'ही टाळा. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. वेगवान शूटरचा बराचसा खेळ यूडीपीवर चालतो, तिथे टीसीपीची सेटिंग ढवळून काय मिळणार?

व्हीपीएन आणि फायरवॉल

व्हीपीएन दोघांनीही बंद करा, नुसता डिस्कनेक्ट नको, प्रोग्रामच बंद. पूर्वी कधी आभासी लॅनचा (दूरची मशीन एकाच घरच्या नेटवर्कवर असल्यासारखी जोडणारा) प्रोग्राम टाकला असेल तर त्याचं नेटवर्क अडॅप्टर तसंच राहतं आणि काही गेम खऱ्या अडॅप्टरऐवजी त्यालाच धरून बसतात. नेटवर्क कनेक्शनच्या यादीत जाऊन ते तात्पुरतं डिसेबल करा.

विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' ठेवलं असेल तर येणाऱ्या जोडण्यांवर जास्त बंधनं असतात. एकाच घरात लॅनवर खेळताना एकमेकांचा गेम दिसत नाही, त्याचं नेहमीचं कारण हेच. ते 'प्रायव्हेट' करा. मग फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत गेमचं नाव शोधा. काही गेममध्ये लाँचर वेगळा आणि खरा गेम वेगळी फाइल असते. परवानगी लाँचरला असते आणि अडतो गेम.

शंका दूर करायला अँटिव्हायरसची फायरवॉल पाच मिनिटं बंद करून जॉइन करून बघा, आणि लगेच पुन्हा चालू करा. बंद असताना जॉइन झालं तर गेमला अपवादात टाका. फायरवॉल कायमची बंद ठेवणं हा इलाज नव्हे.

नॅट: इथे थोडं थांबून

घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या जगासाठी राउटर एकच पत्ता देतो. आतून बाहेर गेलेल्याचं उत्तर तो बरोबर आत आणतो, पण न बोलावता आलेल्या पाकिटाचं काय करायचं, ते त्याला माहीत नसतं. होस्टकडे जॉइन होणारा मित्र असाच न बोलावलेला पाहुणा असतो.

कन्सोलच्या नेटवर्क टेस्टमध्ये नॅटचा प्रकार दिसतो. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट. प्लेस्टेशनवर साधारण त्याच क्रमाने १, २, ३. स्ट्रिक्ट आणि स्ट्रिक्ट यांचं जुळत नाही, मॉडरेट आणि स्ट्रिक्टचंही नाही. ओपनचं मात्र सगळ्यांशी जुळतं. म्हणजे दोघांपैकी एकाचं ओपन असलं तरी पुरतं. ज्याचं ओपन त्याने होस्ट करायचं, आणि दुसऱ्याच्या राउटरला हातही लावायचा नाही. अर्धे लोक या एका वाक्यावर सुटतात.

कुणाचंच ओपन नसेल तर होस्टच्या राउटरमध्ये यूपीएनपी चालू आहे का बघा. चालू असेल तर बंद करून सेव्ह करा, राउटर रीस्टार्ट करा, परत चालू करा, मग कन्सोल किंवा पीसी सुरू करा. यूपीएनपी म्हणजे गेमने राउटरला 'माझ्यासाठी हे दार उघड' असं सांगण्याची सोय. मशीन आधी आणि राउटर नंतर चालू झाला तर ते सांगणं हवेत विरतं.

तरी नाही झालं तर पोर्ट फॉरवर्डिंग (गेमचं ठरावीक दार, म्हणजे पोर्ट, राउटरमध्ये हाताने उघडणं), पण त्याआधी एक गोष्ट तपासाच, नाहीतर दोन तास वाया जातात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी म्हणून जो पत्ता आहे तो लिहून घ्या, आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा पत्ता त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जा. वेगळे असतील तर वॅन आयपीचा सुरुवातीचा भाग बघा.

१९२.१६८, १०, किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर बहुधा दुहेरी नॅट आहे. नेट कंपनीचा डबाही राउटरचं काम करतोय आणि मागे तुमचाही. दोघांपैकी एकालाच राउटर राहू द्या: कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये घ्या. घरात दुसरा डबाच नसेल तर हा पत्ता कंपनीच्याच नॅटचा आहे.

१००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर ते कंपनीच्या बाजूचं सामायिक नॅट. तुमच्यासारखी अनेक घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे आहेत. इथे घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं दार कंपनीकडे आहे. मार्ग तीनच: कंपनीकडून पब्लिक आयपी मागणं, मित्राने होस्ट करणं, किंवा दोघांनी आभासी लॅनचा प्रोग्राम वापरणं. गेम आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात असं सामायिक नॅट लागत नाही) वापरत असेल आणि दोघांकडे ते असेल तर प्रश्न बऱ्याचदा मिटतो.

पोर्ट फॉरवर्ड करताना आधी त्या मशीनचा घरातला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा. नाहीतर काही दिवसांनी मशीनला नवा पत्ता मिळतो, आणि उघडलेलं दार टीव्हीकडे जातं. 'महिनाभर चाललं आणि मग आपोआप बिघडलं' याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. पोर्टचे आकडे गेमच्या अधिकृत मदतपानावरून घ्या. एक्सबॉक्सचं नेहमीचं पोर्ट ३०७४, आणि प्रकार यूडीपी निवडायला विसरू नका. एकच पोर्ट दोन मशीनकडे नेता येत नाही, म्हणून एकाच घरात दोन कन्सोल असतील तर हाताने पोर्ट उघडणं सोडा आणि यूपीएनपीवर भरवसा ठेवा. डीएमझेडमध्ये पीसी टाकायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका, त्याने सगळी दारं सताड उघडी पडतात.

अजून एक दुर्मीळ पण चकवणारा प्रकार. लॉगिन होतं, मित्रयादी दिसते, जॉइन मात्र लटकतं, आणि वर सांगितलेलं सगळं ठीक आहे. मग पाकिटाचा कमाल आकार तपासा. साधारण लाइनवर तो १५०० बाइट असतो, पीपीपीओई (यूझरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर १४९२. राउटरमध्ये चुकून मोठा आकडा भरला असेल तर छोटी पाकिटं जातात आणि मोठी अडकतात.

होस्टचं मशीन

होस्टचा पीसी २० फ्रेमवर आला तर पाहुण्याचं नेट कितीही चांगलं असो, त्याला जग अडखळतच दिसतं, कारण बातमीच उशिरा निघते. फ्रेम-मर्यादा ६० ठेवा, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, ब्राउझर बंद करा. होस्टने मधेच दुसऱ्या खिडकीत जाऊ नये, काही गेम मागे गेल्यावर स्वतःचा वेग उतरवतात. लेव्हल लोड होताना तुटत असेल तर ज्याच्याकडे गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहे त्याने तो एसएसडीवर हलवावा. एक जण दहा सेकंदांत पोचतो, दुसऱ्याला दीड मिनिट लागतं, आणि गेम वाट बघून सोडून देतो. शिवाय दोघांनी फाइलची पडताळणी करावी. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथे व्हेरिफाय.

गेम अचानक बंद पडत असेल तर ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चिप पळवणं) काढा, रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी प्रोफाइल बंद करून बघा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाका, या क्रमाने आणि एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही. पूर्ण मशीनच रीस्टार्ट होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. कारण ती सांगत नाही, पण भार आल्यावरच होत असेल तर उष्णता आणि पॉवर सप्लाय हे पहिले दोन संशयित.

इथे हात आखडा

पॉवर सप्लाय उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरतो. तो बदलायचा असतो, दुरुस्त करायला जाणकारच हवा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी फुगली आहे: चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू नका, आणि सर्व्हिस सेंटरला द्या. गेम नंतर.

फायबरच्या डब्यावर लाल एलओएस दिवा लागला किंवा लुकलुकतो, तर ऑप्टिकल सिग्नल तुटलाय. पिवळी वायर काढून तिच्या टोकात बघू नका, ती घट्ट वळवून कोपऱ्यातही कोंबू नका, काचेच्या त्या धाग्याला तीव्र वळण सोसत नाही. डब्याच्या पानावर येणाऱ्या सिग्नलचा आकडा दिसत असेल आणि तो उणे २७ डीबीएमच्याही खाली गेला असेल, तर तोही कंपनीला सांगा. घरून त्यावर इलाज नाही.

राउटरची पिंग स्वच्छ, केबल लावलेली, घरात दुसरं काही चालू नाही, आणि तरी बाहेरची पाकिटं हरवतात: इथून पुढचं काम नेट कंपनीचं. 'गेम लॅग होतो' असं सांगितलंत तर राउटर रीस्टार्ट करायला सांगतील आणि तक्रार बंद करतील. त्याऐवजी सांगा: केबलवर तपासलं, राउटरपर्यंत शून्य टक्के नुकसान, बाहेर इतके टक्के, या तीन तारखांना या वेळांना, आणि दोन्ही खिडक्यांचे फोटो जोडा. ट्रेसरूट (पाकीट वाटेत कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं याची यादी) जोडलात तर मधल्या एखाद्या टप्प्यावर दिसणाऱ्या ताऱ्यांवरून भांडू नका. मधले राउटर पिंगला उत्तर देणं मुद्दाम टाळतात. नुकसान शेवटच्या टप्प्यापर्यंत दिसत असेल तरच ते खरं.

एरर कोडचा अर्थ खातं निलंबित किंवा बंदी असा निघाला तर नेटवर्कची तपासणी तिथेच थांबवा आणि थेट गेमच्या अधिकृत सपोर्टला लिहा. दुसऱ्या खात्याने जॉइन करून बघण्याच्या नादात ते खातंही जाऊ शकतं.